टीपकागद

पोलिश भाषेत ‘बिबुवा’ म्हणजे टीपकागद. शाळेत शाईचं पेन वापरलेल्यांना तो आठवत असेल. पण १९७०-८० च्या दशकांत वॉर्सामध्ये कुणी आवाज खाली आणून बिबुवा आहे का असं विचारलं, तर त्याला शाई टिपायची नसायची. सेन्सॉरच्या हाताखालून न गेलेला मजकूर त्याला हवा असायचा. झारच्या राजवटीत पातळ कागदावर छापून सरहद्दीपलीकडून चोरून आणलेल्या पत्रकांना हे नाव पडलं होतं. कम्युनिस्ट राजवटीत ते पुन्हा लोकांच्या जिभेवर आलं.

ही बिबुवा छापायची रीत आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आपल्याकडे लग्नपत्रिका ज्या स्क्रीन प्रिंटिंगनं छापतात, तिचंच हे गरीब भावंड. एक लाकडी चौकट, तिच्यावर ताणून बसवलेलं बारीक विणीचं कापड, त्यावर टाइपरायटरनं अक्षरं ठोकलेली स्टेन्सिल. छपाईची शाई सहज मिळत नसे, म्हणून कपडे धुवायच्या पेस्टमध्ये रंग कालवून ती घरीच करत. रबराची पट्टी वरून एकदा ओढली की खाली एक पान उमटायचं. चौकट उचलायची, पान बाजूला वाळत घालायचं, नवा कागद सरकवायचा, पुन्हा पट्टी ओढायची. रात्रभर हेच. कपडे पिळायच्या यंत्राचे रूळ काढून त्यांची छपाईयंत्रंही केलेली होती. छापणारे दोघं-तिघं एखाद्या ओळखीच्या घरात शिरले की काम संपेपर्यंत बाहेर पडत नसत. जिन्यावरची ये-जा वाढली की शेजारपाजारच्या नजरा वळायच्या. हवा कोंडलेली, खिडक्या बंद, शाईचा वास घरभर, आणि कागदाचे गठ्ठे पलंगाखाली.

या सगळ्याला पैसा लागतो. कागदाला लागतो, शाईला लागतो, पकडलेल्याच्या घरी चूल पेटती ठेवायला तर लागतोच लागतो. तो कुठून येतो, हा प्रश्न पोलंडच्या सरकारनं चाळीस वर्षं विचारला आणि प्रत्येक वेळी उत्तरही स्वतःच दिलं: बाहेरून. पॅरिसहून, म्युनिकहून, वॉशिंग्टनहून. ते उत्तर सगळंच खोटं नव्हतं, म्हणून ही गोष्ट नीट सांगायला हवी.

आधी ज्याच्याशी लढा होता ते कार्यालय पाहू. वॉर्साच्या मिशा नावाच्या छोट्या रस्त्यावर वृत्तपत्रं, प्रकाशनं आणि रंगभूमी यांवर नियंत्रण ठेवणारं मुख्य कार्यालय होतं. दैनिकाच्या अग्रलेखापासून नाटकाच्या जाहिरातीपर्यंत सगळं त्याच्या शिक्क्याखालून जायचं. काय छापायचं नाही याच्या सूचना सेन्सॉरांना लेखी मिळत, आणि त्या सूचना हेच मोठं गुपित होतं. क्राकूफच्या शाखेत तोमाश स्त्शिझेव्स्की नावाचा एक तरुण सेन्सॉर म्हणून कामाला लागला. समोर येणारे कागद तो वाचत गेला आणि त्यांच्या नकला साठवत गेला. १९७७ मध्ये सुमारे ७०० पानं अंगावर लपवून तो बोटीनं स्वीडनला पोचला. लंडनच्या आनेक्स या पोलिश प्रकाशनानं ती दोन खंडांत छापली. दारूच्या व्यसनाची आकडेवारी द्यायची नाही, सोव्हिएत संघाला जाणाऱ्या मांसाचा उल्लेख करायचा नाही, कातिनच्या जंगलात मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांची जबाबदारी सोव्हिएत संघावर येईल असं एक अक्षर छापायचं नाही, अमुक लेखकाचं नाव कौतुकानं घ्यायचं नाही. वाचताना लक्षात येतं की यात देशाच्या सुरक्षेचं फारसं काही नाही. रांगेत उभ्या असलेल्या बाईला मटण का मिळत नाही, हे तिला कळू नये, एवढीच धडपड.

आणि ती बाईच १९७६ मध्ये आडवी आली. त्या जूनमध्ये सरकारनं खाण्यापिण्याच्या वस्तूंचे भाव एकदम चढवले. रादोम आणि उर्सुसच्या कारखान्यांतले कामगार रस्त्यावर उतरले. भाववाढ मागे घेतली गेली, पण कामगारांना मारहाण झाली, शेकडो जणांना कामावरून काढलं, कित्येकांना तुरुंगात टाकलं. त्यांचे खटले ऐकायला वॉर्साहून काही शिकलेली माणसं जाऊ लागली. न्यायालयाच्या आवारात आरोपींच्या बायका भेटल्या. कुणाचं घरभाडं थकलेलं, कुणाकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत. सप्टेंबरमध्ये ‘कामगार संरक्षण समिती’ स्थापन झाली. यात्सेक कुरोन, यान युझेफ लिप्स्की, नंतर आदाम मिख्निक ही नावं पुढे जगभर गाजली. त्या दिवसांत त्यांचं काम मात्र मनीऑर्डर पोचवणाऱ्या पोस्टमनसारखं होतं. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला फार मोठी वाटते. आपल्या पत्रकांवर सभासदांची खरी नावं, पत्ते आणि फोन नंबर छापले. ज्या देशात सगळे लपून बोलत, तिथे ही माणसं पत्ता देऊन बोलू लागली.

पैसा लोकांकडून जमत होता: प्राध्यापकांकडून, चर्चमध्ये येणाऱ्यांकडून, परदेशातल्या पोलिश माणसांकडून. पण त्यासाठी बँकेत खातं उघडता येत नव्हतं, न्यास नोंदवता येत नव्हता, पावतीपुस्तक ठेवता येत नव्हतं. पावती म्हणजे पोलिसांच्या हाती पुरावा. देणगी देणाऱ्याची नोकरी जायची, त्याच्या मुलीचा विद्यापीठातला प्रवेश अडायचा. या गोष्टीचा सगळा पेच इथे आहे. स्वतःच्या लोकांचा स्वच्छ पैसा उघडपणे घेण्याचा प्रत्येक रस्ता सरकारनं बुजवला आणि मग विचारलं, तुमचा पैसा लपूनछपून का येतो?

(त्याच १९७६ साली, आणीबाणीत, आपल्याकडे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. विरोधकांमागे परकीय हात असल्याचं तेव्हा आपल्याला रोज ऐकवलं जात होतं. वर्तमानपत्रांत कोऱ्या राहिलेल्या अग्रलेखांच्या जागा ज्यांनी पाहिल्या, त्यांना वॉर्सा फार लांब वाटणार नाही.)

परदेशातलं सर्वांत जुनं ठिकाण पॅरिसजवळच्या मेझों-लाफित गावातलं एक घर होतं. येझी गेद्रोइत्स यांनी १९४६ मध्ये, जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्याच्या आधारानं, रोममध्ये एक प्रकाशनसंस्था काढली. १९४७ पासून ‘कुल्तुरा’ हे मासिक सुरू झालं आणि संस्था फ्रान्सला गेली. गेद्रोइत्स, झोफिया आणि झिग्मुंत हेर्त्स हे दांपत्य, चित्रकार युझेफ चाप्स्की, अशी चार माणसं एका घरात राहून, एका टेबलावर जेवून मासिक चालवत होती. २००० साली गेद्रोइत्स वारले, त्या वर्षापर्यंत ‘कुल्तुरा’चे ६३७ अंक निघाले होते. चेस्वाफ मिवोश यांनी १९५१ मध्ये पोलंडच्या सरकारी सेवेतून पळ काढला तेव्हा आसरा याच घरात मिळाला. पुढे त्यांना नोबेल मिळालं, पण त्यांचं ‘बंदिस्त मन’ हे पुस्तक पोलिश भाषेत पहिल्यांदा छापलं ते इथेच, १९५३ मध्ये.

हे मासिक चालायचं वाचकांवर. वाचक कोण? घरी परतू न शकलेली माणसं. त्यांच्यातल्या काहींना कोल्हापूरकरांनी जवळून पाहिलं आहे. स्टालिननं सायबेरियात हद्दपार केलेले सुमारे ५,००० पोलिश नागरिक, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांची आठवण म्हणून महावीर उद्यानात स्मारक उभं आहे. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्या देशात स्टालिनच्या पसंतीचं सरकार होतं. बरेच जण परत गेलेच नाहीत. इंग्लंडला गेले, ऑस्ट्रेलियाला गेले. अशा जगभर विखुरलेल्या, कारखान्यात आणि हॉटेलात राबणाऱ्या पोलिश माणसांच्या छोट्या छोट्या देणग्यांची यादी ‘कुल्तुरा’त छापून येत असे.

मासिक देशात पोचवणं हे वेगळंच धाडस. अंक खिशात मावावेत म्हणून अगदी लहान आकारात, पातळ कागदावर काढत. १९६९ मध्ये काही तरुण गिर्यारोहक ही पुस्तकं पाठीवर घेऊन चेकोस्लोव्हाकियाच्या बाजूनं तात्रा पर्वत ओलांडत होते. पकडले गेले. फेब्रुवारी १९७० मध्ये वॉर्सात खटला चालला आणि पाच जणांना तीन ते साडेचार वर्षांच्या शिक्षा झाल्या. त्यांच्या पाठपिशव्यांत बंदूक नव्हती, नोटांची बंडलं नव्हती, पुस्तकं होती.

आता यातली अवघड बाजू. १९५० मध्ये बर्लिनला ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ ही लेखक-विचारवंतांची संघटना स्थापन झाली. गेद्रोइत्स आणि चाप्स्की तिथे हजर होते. पुढच्याच वर्षी, मार्च १९५१ मध्ये, तिचं भारतातलं अधिवेशन मुंबईत भरलं. ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिकही तिच्याच भारतीय शाखेनं मुंबईत काढलं आणि निसिम इझिकेल त्याचे पहिले संपादक होते. १९६६-६७ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनी उघड केलं की या जागतिक संघटनेच्या तिजोरीत सीआयएचा पैसा येत होता. ज्यांनी आयुष्यभर निर्भीडपणे लिहिलं त्यांच्या प्रत्येक ओळीकडे लोक शंकेनं पाहू लागले. बहुतेकांना काही माहीत नव्हतं. ‘क्वेस्ट’चे जुने अंक चाळले की त्यात काय छापावं हे वॉशिंग्टननं ठरवलं असं कुठे जाणवत नाही. पण पैसा लपवला गेला होता, आणि ज्यांच्यापासून लपवला त्यांच्या वाट्याला डाग आला. देणाऱ्यांनी केलेला हा अन्याय मला आजही अक्षम्य वाटतो.

पोलंडमध्ये हाच प्रश्न दसपटीनं उभा राहिला. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यातून क्रेनचालक आना वालेन्तिनोविच यांना निवृत्तीला काही महिने उरले असताना काढून टाकलं. १४ ऑगस्टला संप झाला. कारखान्यातून पूर्वी हाकलला गेलेला वीजतंत्री लेक वालेसा येऊन संपाच्या पुढे उभा राहिला. २१ मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून फाटकाला टांगल्या. पहिली स्वतंत्र कामगार संघटनेची, दुसरी संपाच्या हक्काची, आणि तिसरी भाषणाच्या, छपाईच्या, प्रकाशनाच्या स्वातंत्र्याची. मांसाचा पुरवठा, पेन्शन, पाळणाघरं वगैरे त्याखाली. पोट हातावर असलेल्या माणसांनी छपाईचं स्वातंत्र्य तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं, कारण दहा वर्षांपूर्वी, डिसेंबर १९७० मध्ये, याच किनाऱ्यावर लष्करानं कामगारांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि देशाला त्याची धड बातमीही कळू दिली नव्हती. ३१ ऑगस्टला करार झाला. ‘सॉलिडॅरिटी’ जन्मली आणि वर्षभरात साडेतीन कोटींच्या देशात तिचे ९० लाखांहून अधिक सभासद झाले.

हे सभासद वर्गणी देत होते. संघटनेचा खरा पैसा हाच, घामाचा. तो वाचवण्याची गोष्ट व्रोत्सवाफ शहरात घडली.

१९८१ च्या हिवाळ्यात वारं फिरल्याचं सगळ्यांना कळत होतं. सरकार काहीतरी करणार, आणि पहिला घाव बँकखात्यावर घालणार, असा व्रोत्सवाफच्या शाखेचा अंदाज. खजिनदार युझेफ पिन्योर आणि त्याचे साथीदार ३ डिसेंबरला बँकेत गेले आणि शाखेच्या खात्यातून ८ कोटी झ्वोटी रोख काढले. तेव्हाच्या सरासरी पगाराच्या हिशेबानं साधारण दहा हजार माणसांचा महिन्याचा पगार. नोटा सुटकेसांत भरल्या आणि नेल्या थेट आर्चबिशप हेन्रिक गुल्बिनोविच यांच्या निवासस्थानी. दहा दिवसांनी लष्करी कायदा आला. संघटनेची खाती गोठली, पण व्रोत्सवाफचा पैसा सुटला होता. भूमिगत छपाई, अटकेतल्यांची कुटुंबं, लपलेल्यांची घरं, हे सगळं पुढे त्यातूनही चाललं. सरकारनं या माणसांना चोर ठरवलं. स्वतःच्याच सभासदांची वर्गणी स्वतःच्याच सरकारपासून वाचवून धर्मगुरूच्या घरात ठेवावी लागली, यावरून तो काळ कळतो.

१३ डिसेंबर १९८१ हा रविवार. सकाळी मुलं टीव्हीसमोर बसली तर त्यांचा नेहमीचा कार्यक्रम नाही. थोड्या वेळानं गणवेशातले, काळा चष्मा घातलेले पंतप्रधान जनरल यारुझेल्स्की दिसले. फोन मुके झाले होते. आठवडे लोटल्यावर ते सुरू झाले तेव्हा संभाषण नियंत्रणाखाली आहे, असं एक यांत्रिक आवाज मध्येच बजावायचा. हजारो कार्यकर्ते एका रात्रीत स्थानबद्ध. १६ तारखेला वुयेक कोळसाखाणीत नऊ कामगार गोळ्यांनी मेले. छपाईची यंत्रं जप्त झाली किंवा फोडली गेली.

आणि दोन महिन्यांच्या आत वॉर्सात ‘तिगोद्निक माझोव्शे’ या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. हेलेना वुचिवो, योआना श्चेंस्ना, आना बिकोंत आणि त्यांच्या मैत्रिणी. संपादन बहुतांशी बायकांच्या हातात. पोलीस लपलेल्या पुरुषांना शोधत होते. बाजाराची पिशवी घेऊन ट्राममधून जाणाऱ्या बाईच्या पिशवीत बटाट्यांखाली मजकूर असेल, हे त्यांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला. मजकूर एका ठिकाणी तयार व्हायचा, त्याच्या मूळ प्रती वेगवेगळ्या छपाईघरांत जायच्या, आणि एका घराला दुसऱ्याचा पत्ता ठाऊक नसायचा. एक घर पकडलं तरी अंक थांबत नसे. दर आठवड्याला हजारो प्रती, सात वर्षांत २९० अंक. नेते बदलत गेले, पकडले गेले, झ्बिग्न्येव्ह बुयाक साडेचार वर्षं लपून शेवटी मे १९८६ मध्ये सापडला. साप्ताहिक चालू राहिलं.

आता बाहेरचा पैसा, आडपडदा न ठेवता. लष्करी कायद्यानंतर पश्चिमेतल्या कामगार संघटनांनी मदत सुरू केली. फ्रान्सच्या, स्वीडनच्या, आणि सर्वांत मोठी अमेरिकेची एएफएल-सीआयओ. १९८२ च्या जुलैमध्ये ब्रसेल्सला सॉलिडॅरिटीचं परदेशी कार्यालय उघडलं, ते येझी मिलेव्स्की चालवत. १९८३ मध्ये अमेरिकेत ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी’ स्थापन झाली आणि संसदेनं मंजूर केलेला पैसा तिच्यामार्फत उघडपणे येऊ लागला. याशिवाय एक चोरवाट होती. १९८२ च्या अखेरीस रेगन यांनी सीआयएला पोलंडमध्ये गुप्त मदत करायची परवानगी दिली. शस्त्रं नाहीत, छपाईची साधनं, कागद, शाई, रेडिओची यंत्रणा आणि रोख. १९९१ पर्यंत एकूण दोन कोटी डॉलरच्या आसपास. आधीपासून, १९५६ पासून, न्यूयॉर्कहून जॉर्ज मिन्डेन यांचं कार्यालय पूर्व युरोपात पुस्तकं पाठवत होतंच. पस्तीस वर्षांत सुमारे एक कोटी पुस्तकं आणि नियतकालिकं. तोही पैसा सीआयएचा.

दोन कोटी डॉलर आठ वर्षांत, म्हणजे महासत्तेच्या खर्चात चिल्लर. पण पोलंडमध्ये डॉलरची ताकद वेगळी होती. काळ्या बाजाराच्या भावानं तिथला महिन्याचा पगार तेव्हा पंचवीस-तीस डॉलरच्या घरात यायचा. म्हणजे एका डॉलरमध्ये एका माणसाचा दिवस निघायचा.

माल यायचा औषधांच्या आणि कपड्यांच्या मदतीबरोबर, ट्रकमधून, स्वीडनहून बोटीनं. मिरोस्वाफ खोयेत्स्की हा रसायनशास्त्र शिकलेला माणूस. १९७७ मध्ये त्यानं ‘नोव्हा’ हे सर्वांत मोठं भूमिगत प्रकाशन उभं केलं, त्यासाठी तुरुंगात उपोषण केलं, आणि लष्करी कायदा आला तेव्हा तो परदेशात अडकला. पॅरिसमधून तो शाई आणि यंत्रं जमवून धाडत राहिला. बंदरात तपासणारा अधिकारी कंटाळला तर ट्रक सुटायचा. नोव्हेंबर १९८६ मध्ये श्विनोउयश्च्ये बंदरात एक स्वीडिश ट्रक पकडला, आत छपाईची यंत्रं आणि पुस्तकं. सरकारनं तो सगळा माल जगापुढे मांडला.

मिळालेल्या साधनामागे नेमकं कोण आहे, हे घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. त्यांना दिसत होती पॅरिसमधली पोलिश मित्रमंडळी आणि फ्रेंच कामगारांची वर्गणी. मी त्यांच्या जागी असतो तर शाईचा डबा परत पाठवला असता का? नसता पाठवला. पण तो कुणी धाडला हे मला सांगितलं जावं, असं मला नक्की वाटलं असतं. ज्या लोकांची नावं पत्रकावर पत्त्यासकट छापली जातात, त्यांना अंधारात ठेवायचा हक्क कुणालाच नव्हता. आणि तरी, त्या साप्ताहिकात काय छापायचं हे कुणी ठरवलं, याचं उत्तर स्वच्छ आहे. वॉर्सातल्या एका स्वयंपाकघरात बसलेल्या बायकांनी.

सरकारकडे हा खरा पुरावा असता तर गोष्ट वेगळी. पण त्यानं निवडला खोटा. २७ सप्टेंबर १९८३ ला सरकारी टीव्हीवर एक कार्यक्रम दाखवला, नाव ‘पैसा’. वालेसा स्थानबद्ध असताना त्यांचे भाऊ भेटायला आले होते, तेव्हाचं म्हणून एक संभाषण देशाला ऐकवलं. त्यात वालेसा व्हॅटिकनमध्ये ठेवलेल्या दहा लाखांहून अधिक डॉलरबद्दल बोलताना ऐकू येतात. ध्वनिफीत गुप्त पोलिसांनी तुकडे जोडून आणि भर घालून बनवलेली होती. नोबेलचा निर्णय जवळ आला होता. कामगारांच्या मनात वीजतंत्री लखपती झाला अशी पाल चुकचुकावी, एवढाच हेतू. आठवडाभरानं, ५ ऑक्टोबरला, नोबेल जाहीर झालं ते वालेसांनाच. गेलो तर परत येऊ देणार नाहीत या भीतीनं ते ओस्लोला गेले नाहीत. पत्नी दानुता आणि थोरला मुलगा गेले. पुरस्काराची रक्कम शेतकऱ्यांसाठीच्या चर्चच्या निधीला देत असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

वालेसांच्या बाबतीत एक गोष्ट इथेच सांगायला हवी, ती टाळणं बरोबर होणार नाही. २०१६ मध्ये माजी गृहमंत्री किश्चाक यांच्या घरातून जुनी कागदपत्रं बाहेर आली. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘बोलेक’ या टोपणनावानं एका खबऱ्यानं गुप्त पोलिसांकडून पैसे घेतल्याच्या पावत्या त्यांत आहेत, आणि राष्ट्रीय स्मृती संस्थेनं नेमलेल्या हस्ताक्षरतज्ज्ञांनी २०१७ मध्ये ते अक्षर वालेसांचं असल्याचा निर्वाळा दिला. वालेसा ते नाकारतात. खरं असेल तर तो पैसा व्हॅटिकनचा नाही, वॉशिंग्टनचा नाही. गोळीबारानंतर भेदरलेल्या, पोरंबाळं असलेल्या एका तरुण कामगाराला त्याच्याच सरकारनं दिलेला.

हेच किश्चाक १९८३ मध्ये मिख्निक आणि त्यांच्या साथीदारांना सांगत होते: देश सोडा, सुटका करतो. नाताळ फ्रान्सच्या किनाऱ्यावर घालवा, नाहीतर खटला आणि मोठी शिक्षा. मिख्निक यांनी कोठडीतून मंत्र्यांना पत्र लिहून तो सौदा धुडकावला. ते पत्र बाहेर आलं आणि अर्थातच बिबुवेत छापलं गेलं. परदेशाच्या पैशावर नाचणारी म्हणून हिणवलेली ही माणसं परदेशी जायला तयार नव्हती. फादर येझी पोपिएवुश्को यांना तर जीव द्यावा लागला. वॉर्सातल्या त्यांच्या चर्चमध्ये दर महिन्याला देशासाठी प्रार्थना व्हायची, तिथे लोक मोकळा श्वास घ्यायला यायचे. १९ ऑक्टोबर १९८४ ला गृहखात्याच्या तीन अधिकाऱ्यांनी त्यांना पळवलं, मारलं, आणि प्रेत विस्तुला नदीच्या जलाशयात टाकलं.

आणि सरकारचा स्वतःचा हिशेब? १९७० च्या दशकात पक्षप्रमुख गियेरेक यांच्या राजवटीनं पाश्चात्त्य बँकांकडून कर्जावर कर्ज काढलं. १९८० पर्यंत ते २,००० कोटी डॉलरच्या पुढे गेलं होतं. कर्ज फेडायला डॉलर हवे, म्हणून ‘पेवेक्स’ नावाच्या सरकारी दुकानांत चांगलं सामान फक्त परकीय चलनावर मिळायचं. ज्या डॉलरसाठी लेखकाला देशद्रोही म्हणत, त्याच डॉलरवर सरकार जीन्स आणि चॉकलेट विकत होतं.

एप्रिल १९८९ मध्ये सरकार आणि सॉलिडॅरिटी यांच्यात समझोता झाला. ८ मे रोजी ‘गाझेता विबोर्चा’ हे दैनिक निघालं. मिख्निक संपादक, शेजारी हेलेना वुचिवो आणि साप्ताहिकातल्या त्याच बायका. कार्यालय एका पाळणाघराच्या जागेत थाटलेलं. जूनच्या निवडणुकीत सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीला मिळाल्या, आणि कनिष्ठ सभागृहात तिला लढता येतील अशा १६१ च्या १६१. मिशा रस्त्यावरचं कार्यालय बंद करायचा कायदा १९९० च्या एप्रिलमध्ये झाला.

त्याच वर्षी, जानेवारीत, सत्ताधारी पक्ष विसर्जित होत होता. त्याच्या नेत्यांनी मॉस्कोच्या पक्षाकडून १२ लाख डॉलरचं कर्ज गुपचूप घेतल्याचं नंतर बाहेर आलं, आणि त्यावरून पोलंडमध्ये पुढे कित्येक महिने वाद झाला.

‘तिगोद्निक माझोव्शे’चे अंक आता ग्रंथालयांत जपून ठेवलेले आहेत. कागद पिवळा, शाई कुठे गडद कुठे पुसट. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत देणग्यांची पोच असायची, कारण पावती फाडता येत नव्हती आणि देणाऱ्याला पैसा पोचल्याचं कळायला तर हवं. एक टोपणनाव, पुढे रक्कम. पुन्हा टोपणनाव, पुन्हा रक्कम. एखाद्या कारखान्यातल्या विभागानं मिळून दिलेली, एखाद्या पेन्शनरनं बाजूला काढलेली. अशा ओळीच्या ओळी, आठवड्यामागून आठवडे. त्यांतली बहुतेक नावं कुणाची होती, ते अजून कळलेलं नाही.